गिऱ्हाईक दाराशी येतं तेव्हा

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. संध्याकाळचे साडेसहा झाले असतील. आमच्या प्रतापनगरातल्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना एकाएकी दरदरून घाम सुटला, छातीत दुखायला लागलं. मुलगा धावत जाऊन ऑटो घेऊन आला, तर फाटकात पाच स्कूटी आडव्यातिडव्या लावलेल्या! कोणाची कोणती, किल्ल्या कोणाकडे, काही पत्ता नाही. त्या सरकवून ऑटो आत यायला दहा मिनिटं गेली. आजोबा दुसऱ्या दिवशी सुखरूप घरी आले, पित्ताचं दुखणं निघालं. पण ती दहा मिनिटं बिल्डिंगमध्ये कोणी विसरलं नाही.

कारण स्कूटी कोणाच्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझी धाकटी जाऊ तळमजल्यावर राहते आणि ब्लाउज शिवते. दिवाळीच्या तोंडावर तिच्याकडे ही झुंबड. आठ दिवसांत असोसिएशनची चिठ्ठी आली : निवासी इमारतीत व्यवसाय चालत नाही, तात्काळ बंद करावा. चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडे आली. डोळे भरलेले. म्हणाली, "ताई, मी काय दारूचं दुकान टाकून राहिले का हो?"

तिचं रडणं उगाच नव्हतं. भाऊजींची नोकरी कंत्राटाची, आज आहे उद्या नाही. मुलीच्या हॉस्टेलचा खर्च त्या मशीनवर निघतो. माझी बी.ए.ची पदवी राज्यशास्त्राची आणि कागद वाचायची मला जरा हौस, म्हणून म्हटलं, थांब, आधी नियम काय म्हणतो ते तरी बघू. खरं सांगायचं तर चिठ्ठी लिहिणाऱ्यांनीही तो वाचलेला नव्हता.

आपल्या राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. मुंबई आणि आणखी काही भाग तिच्यातून वगळले आहेत, पण नागपूर महापालिका तिच्यात येते. राहत्या वस्तीत काय चालतं याच्या यादीत घरगुती व्यवसाय आहे, आणि शिवणकाम, भरतकाम, काज-बटण यांची नावंसुद्धा घातलेली आहेत. मोटर लावायची तर एकूण एक अश्वशक्तीपर्यंत. शिलाई मशीनची मोटर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. हे वाचून जाऊबाईंचा चेहरा असा खुलला म्हणता!

पण पुढची वाक्यं वाचली आणि आम्ही दोघी गप्प झालो. काम घरच्याच माणसांनी करायचं, पगारी माणूस ठेवायचा नाही. बाहेरून बघणाऱ्याला इथे धंदा चालतो असं दिसता कामा नये, म्हणजे पाटी नको. विकायचं ते घरीच तयार झालेलं असावं. शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेला बाधा येऊ नये. आणि आमच्याकडे काय होतं? फाटकावर 'लेडीज टेलर' अशी लाल अक्षरांची पाटी, हेमिंगला रोजंदारीवर एक मुलगी आणि फाटकात पाच स्कूटी. म्हणजे शिवणकाम नियमात बसत होतं, बाकीचं आम्हीच बाहेर नेऊन ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. दिवसाला किती गिऱ्हाईक यावं, किती वाजेपर्यंत यावं, याचा आकडा त्या घरगुती व्यवसायाच्या कलमात नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ गावांत तो असतो. दिवसाला इतकी माणसं, एका वेळी इतकी, गाडी इथेच लावायची. आपल्याकडे पाटी आणि पगारी माणूस मोजतात, पण भांडण होतं ते नेहमी पायरवावरून. पाटीचा त्रास कोणाला होतो हो? त्रास होतो दुपारी दोन वाजता चुकीची बेल वाजली की. मेच्या उन्हात कूलर लावून नुकता डोळा लागावा आणि दारात कोणीतरी विचारावं, "ब्लाउजवाल्या बाई इथेच राहतात का?" मी स्वतः अशी दोनदा चिडले आहे, जाऊबाईंची माझ्या असूनही.

आणि असोसिएशनचा शब्द अगदीच पोकळ नसतो बरं का. आपल्या नागपुरात पुष्कळ इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत. त्यांच्या घोषणापत्रात गाळा कशासाठी वापरायचा ते लिहिलेलं असतं. सोसायटी असेल तर १९६० चा सहकार कायदा आणि तिचे उपविधी. प्लॉट सुधार प्रन्यासाच्या पट्ट्यावर असेल तर पट्ट्याच्या अटी वेगळ्या. तेव्हा 'महापालिकेचा नियम माझ्या बाजूने आहे' एवढ्यावर उड्या मारू नका. कपाटातली कागदांची पिशवी काढा आणि एका दुपारी नीट वाचा. यजमानांवर सोपवू नका, ते "बघू" म्हणतील.

आम्ही काय केलं? पाटी काढली. ती काढताना जाऊबाईंना फार वाईट वाटलं, नवऱ्याने हौसेने रंगवून आणली होती. माप आणि ट्रायल आता मंगळवारी व शुक्रवारी, सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सात. आधी फोन करायचा, एका वेळी दोघींहून जास्त नाही. स्कूटी कंपाउंडच्या भिंतीबाहेर एका ओळीत. सणाच्या दिवसांत तयार कपडे भाऊजी घरपोच देतात, बायकांना ते आवडलंसुद्धा. दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांनी तोंड वाकडं केलं आणि दुसरीकडे गेल्या, हेही सांगितलं पाहिजे.

हेमिंगच्या मुलीचं मात्र मन खातं. ती आता कपडे स्वतःच्या घरी नेते आणि नगावर पैसे घेते. नियम पाळला गेला. पण पंख्याखाली बसून काम करायची तिची जागा गेली. तिच्या घरी उजेडसुद्धा धड नाही. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

घरी काम आणि गिऱ्हाईक दुसरीकडे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, तेच पुढे लिज्जत झालं. तिथल्या बहिणी भिजवलेलं पीठ घरी नेतात, लाटलेले पापड केंद्रावर आणून देतात. शेजाऱ्याची बेल वाजायचा प्रश्नच नाही. दिवाळीचा फराळ, पुरणपोळ्या, सावजी मसाला करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं; माल बाहेर पोचवला तर निम्मी कटकट संपते. अन्नाचं काम असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याची नोंदणीही लागते, घरचं स्वयंपाकघर म्हणून सूट नाही. आणि घरात पंगत बसवून मेस चालवणं या घरगुती व्यवसायात मुळीच धरत नाहीत. डबे देणं वेगळं, पाट मांडणं वेगळं.

(शिकवण्यांबद्दल पुष्कळ जणी विचारतात. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना खाजगी शिकवणीची मनाई केली आहे, म्हणून तो अनुभव मजजवळ नाही.)

विजेचं राहिलंच. घरात शिवता म्हणजे मीटर व्यापारी करा, अशी भीती जाऊबाईंना कोणीतरी घातली होती. वीज नियामक आयोगाच्या २०२० च्या दर आदेशात घराच्या एका भागात धंदा करणाऱ्यांना महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या वर्षात ३,६०० युनिटपर्यंत घरगुतीच दर ठेवलेला होता. दर आदेश बदलत असतात, चालू आदेश वीज कार्यालयात विचारून घ्यावा. आम्ही वर्षभराची बिलं काढून बेरीज केली, ती २,१०० च्या आत निघाली. मग ती बेरीज, नियमावलीतलं ते पान आणि वेळांचा कागद असा जुडगा करून असोसिएशनला दिला. त्यांनी चिठ्ठी मागे घेतलेली नाही, पण वार्षिक सभेपर्यंत काही करणार नाही असं तोंडी सांगितलं. तोंडी नको, लेखी द्या, असं आम्ही परवाच लिहून कळवलं आहे.