मार्सेलिस म्हणजे फक्त एक उडी नव्हे

पुण्यात ऑफिसात कुणालाही सांगा, मी शेगावचा. उत्तर ठरलेलं : ‘गजानन महाराज!’ दुसरा म्हणतो, ‘येताना कचोरी आण.’ राग येत नाही, दोन्ही खरंच आहे. पण गाव तेवढ्यावर संपतं हे खटकतं. म्हणूनच मार्सेलिसचं आपण जे करून ठेवलंय, ते मला जरा जास्त लागतं.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या बंदराबद्दल मराठी माणसाला एकच गोष्ट माहीत असते. ८ जुलै १९१०, ‘मोरिया’ बोट, सावरकरांची उडी. मग भांडण सुरू. एक बाजू मैल सांगते, दुसरी मीटर. दोघांनाही माझा एकच प्रश्न : ते पोहून ज्या धक्क्यावर चढले, त्यामागे शहर कोणतं होतं?

उडी मारली ती परक्या देशाच्या भूमीवर पाय ठेवण्यासाठी, कारण तिथे ब्रिटिशांचा कायदा चालत नव्हता. म्हणजे निम्मा अर्थ त्या किनाऱ्यातच आहे. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून बोटीवर परत दिलं. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. फेब्रुवारी १९११ चा निकाल असा : सोपवण्यात अनियमितता झाली, तरी कैदी परत करायला ब्रिटन बांधील नाही. केवढा संतापजनक निकाल! पण त्यावर कुणी भांडत नाही. आपण मीटर मोजतोय.

शहर तर त्याआधी अडीच हजार वर्षांपासून होतं. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास फोकाया या गावाहून आलेल्या ग्रीकांनी ते वसवलं. १७२० साली ‘ग्राँ सेंट आंत्वान’ नावाचं जहाज प्लेग घेऊन आलं. जहाजावर माणसं मेली होती, सगळ्यांना ठाऊक होतं. पण कापड जत्रेआधी बाजारात जायला हवं होतं आणि मालात शहराच्या एका कारभाऱ्याचाही वाटा होता. विलगीकरणाचे नियम सैल झाले. शहरातली जवळपास निम्मी माणसं गेली. २०२० पाहिलेल्या आपल्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये.

१९४३ मध्ये जर्मनांनी फ्रेंच पोलिसांना हाताशी धरून जुन्या बंदराची वस्ती रिकामी केली आणि सुरुंगाने उडवली.

आणि आपला संबंध? वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलला जायचा, हे शाळेत शिकवतात. १८६९ ला सुएझ कालवा खुला झाल्यावर मार्सेलिसच्या तेलगिरण्या आणि साबणाचे कारखाने भारतातला तीळ, भुईमूग, जवस घेत होते, हे नाही शिकवत. जवसाची चटणी खाणाऱ्या आमच्या भागाला तरी हे ठाऊक असावं.

आता माझ्या धंद्यातलं. ‘सी-मी-वी ४’ ही समुद्राखालची केबल सिंगापूरहून निघते, मुंबईला टेकते आणि मार्सेलिसला संपते. अशा बऱ्याच केबल त्या किनाऱ्यावर चढतात. तुम्ही फोनवर युरोपातलं काही उघडलंत, तर तो डेटा त्या गावातून आलेला असण्याची चांगलीच शक्यता आहे. आणि आपल्याला त्या गावाबद्दल माहिती काय, तर एक बोट आणि एक खिडकी.

परवा रात्री कामासाठी युरोपातल्या एका सर्व्हरला ट्रेसरूट मारला. मुंबईनंतर एका राउटरच्या नावात तीन अक्षरं दिसली : एमआरएस. मार्सेलिस. शंभरेक मिलिसेकंदांत पोचलो होतो. आनंदाने स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला.

काकांचं उत्तर आलं : ‘बरं, मग उडी नक्की किती मीटरची होती रे?’