भूगर्भासाठी एक पदक

सोलापुरात पुरस्कारांना तोटा नाही. साहित्यिकांना मिळतात, नाटकवाल्यांना मिळतात. आदर्श शिक्षक आणि समाजसेवक यांची शाल-श्रीफळे तर ठरलेलीच. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ज्या खडकावर हे शहर उभे आहे आणि ज्याच्या भेगांतून जिल्ह्यातील शेतकरी पाणी उपसतो, त्या खडकाची जाण असणाऱ्याचे नाव या याद्यांत सहसा दिसत नाही. सोलापूरच्या भूगर्भाचा अभ्यास आणि त्याची सेवा यांसाठी एक स्वतंत्र पारितोषिक असावे, असे माझे मत आहे. आणि ते एखाद्या कला महाविद्यालयाने सुरू केले तरी काही बिघडणार नाही.

“कला शाखेच्या मुलांना दगडांची उठाठेव कशाला?” असे कोणी विचारील. लंडनच्या भूशास्त्र मंडळाने आपले सर्वोच्च असे वोलॅस्टन पदक प्रथम १८३१ मध्ये दिले, ते विल्यम स्मिथ याला. हा लोहाराचा मुलगा. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. कालव्यांची मोजणी करताना खोदलेल्या मातीचे थर आणि त्यांतील जीवाश्म तो न्याहाळत गेला, आणि १८१५ मध्ये त्याने एकट्याच्या बळावर इंग्लंडचा भूगर्भीय नकाशा प्रसिद्ध केला. पुढे कर्जापायी तो तुरुंगात गेला. मंडळातील श्रीमंत सभासदांनी त्याला आपल्यात कधी घेतले नाही. उलट स्वतःचा वेगळा नकाशा काढला. पदक आले तेव्हा तो साठी ओलांडून गेला होता. उशिरा का होईना, पण पहिला मान मोजणीदाराला मिळाला. त्याचाच भाचा जॉन फिलिप्स. त्याच्या नावाचे पदक यॉर्कशायरचे भूशास्त्र मंडळ देते. प्रांताच्या भूगर्भासाठी प्रांतातल्या मंडळीनी दिलेले पदक! आपल्याकडे अशी कल्पना रुजायला हरकत कोणती?

आपल्याकडे माणसे नव्हती असेही नाही. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी आणि शिक्षक. सवड मिळेल तशी नागपूरच्या आसपासची भूमी त्यांनी पालथी घातली, टाकळीचे जीवाश्म उजेडात आणले, आणि १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पाण्यात बुडून मरण पावले. त्यांच्या नावाने आज महाविद्यालय आहे. दाराशा नौशेरवान वाडिया १९०७ मध्ये जम्मूच्या महाविद्यालयात प्राध्यापक झाले. सुट्टी लागली की विद्यार्थ्यांना घेऊन ते डोंगरात जात. पुढे १९४३ मध्ये त्यांना लंडनचे लायल पदक मिळाले. आमच्या प्राध्यापकांनी (सर्वांनी नव्हे, दोघातिघांनी) दिवाळीच्या सुट्टीत एवढे केले तरी पुष्कळ होईल.

केंद्र सरकारचे राष्ट्रीय खनिज पुरस्कार १९६६ पासून आहेत. २००९ मध्ये त्यांचे नाव राष्ट्रीय भूविज्ञान पुरस्कार झाले. ते आवश्यकच आहेत. पण ती देशपातळीची फूटपट्टी. आमच्या जिल्ह्यात ना सोने, ना कोळसा. येथे आहे तो थरावर थर रचलेला काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याची किंमत कळते ती विहीर खोदताना. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, त्याखाली पाषाण, मध्येच एखादा तांबडा पट्टा. सच्छिद्र आणि भेगाळ थरात पाणी साठते, घट्ट पाषाणात ते शिरत नाही. म्हणून एकाची विहीर भरलेली आणि बांधापलीकडच्याची कोरडी. हे सारे विहीर खोदणाऱ्याला आणि बोअर मारणाऱ्याला ठाऊक असते. पण ते कागदावर फारसे येत नाही. माणूस गेला की त्याच्याबरोबर ते ज्ञानही जाते, आणि शेजारचा शेतकरी हातावर नारळ धरणाऱ्या पाणाड्याच्या भरवशावर पुन्हा कर्ज काढून बोअर मारतो.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठराविक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, हे खरे. पण प्रत्येक गावची प्रत्येक विहीर ती कशी पाहणार? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीने जवळजवळ दहा हजार माणसे नेली. त्याआधी १९९२ पासून तेथील लोकांना हादरे जाणवत होते. तेथे लाव्ह्याचा थर ३३८ मीटर जाड आहे, हे भूकंपानंतरच्या छिद्रखोदाईत कळले. कोयनेला हाच थर नऊशे मीटरहून अधिक भरला. या दोहोंच्या मधोमध आपण राहतो. पायाखाली काय आहे हे समजायला दर वेळी आपत्तीच यावी लागते काय?

“पुरस्काराने शास्त्र वाढत नाही,” हा दुसरा आक्षेप. अर्धा खरा आहे. पण बार्शी तालुक्यातील सुर्डी गाव २०१९ मध्ये वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिले आले, तेव्हा गावाने उन्हात काय घाम गाळला ते जिल्ह्याने पाहिले. माणसे बक्षिसासाठी उठतात. उठल्यावर काम कामासाठी करू लागतात. तो श्रमाचा गौरव होता, आता नोंदीचाही व्हावा.

तेव्हा माझी सूचना अशी. पारितोषिक पदवी पाहून देऊ नये; जिल्ह्याच्या भूगर्भाविषयी लिहून ठेवलेले काम पाहून द्यावे. एखाद्या शिक्षकाने गावच्या पन्नास विहिरींचे थर आणि उन्हाळी पातळी दहा वर्षे लिहून ठेवली असेल, तर तो पहिला मानकरी. रक्कम लहान चालेल. छापील वही भूगोल विभागाने तयार करावी, तपासणीस विद्यापीठातील भूशास्त्राच्या अध्यापकांनी मदत करावी. निवड समितीत मात्र हयातभर विहिरी खोदलेला एक माणूस हवाच. त्याला वगळून बसवलेली समिती मला तरी मान्य होणार नाही.