‘कलर नॅचरल आहेत ना?’ हे विचारणं बंद करा

केकची ऑर्डर देताना आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ‘एगलेस आहे ना?’ आणि ‘कलर नॅचरल आहेत ना?’ दोन्हींना ‘हो’ आलं, की त्याच चॅटमध्ये फोटो जातो. स्पायडरमॅनचा लालभडक केक, नाहीतर काळ्याकुट्ट क्रीमवर सोनेरी चमक, नाहीतर कुठल्याच समुद्राला नसतो असा निळा समुद्र. खाली मेसेज: ‘सेम असाच हवा.’

नॅचरल रंग आणि सेम असाच फोटो, या दोन मागण्या एकत्र पुऱ्या होत नाहीत. केक करणाऱ्या ताईला हे पक्कं माहीत असतं. तरी ती ‘हो, सगळं नॅचरल’ म्हणते, कारण नाही म्हटलं तर ऑर्डर पुढच्या सोसायटीत जाते. खोटं ती बोलते, पण बोलायला लावतो आपण. म्हणून माझं म्हणणं असं, की हा प्रश्नच कचऱ्यात टाका. त्याच्या जागी तीन प्रश्न विचारा: रंगाचं नाव काय? घातला किती? आणि बाटली कुठली, कधीची, कशी ठेवलेली?

आधी ‘नॅचरल’चा हिशेब करू. बिटाचा रंग ओव्हनमध्ये टिकत नाही. गुलाबी मिश्रण आत जातं आणि तपकिरी स्पंज बाहेर येतो. हळद उजेडात फिकी पडते, आणि खायचा सोडा जास्त झाला तर लालसर होते. गोकर्णाच्या फुलांचा निळा रंग लिंबाचे चार थेंब पडले की जांभळा होतो. हे रंग वाईट नाहीत, सुंदर आहेत. पण ते फोटोतले रंग नाहीत. कार्माइन नावाचा टिकाऊ लाल रंग मात्र शंभर टक्के नैसर्गिक आहे आणि तो कोचिनील नावाच्या किड्यापासून काढतात. ‘एगलेस आणि नॅचरल’ असा हट्ट धरणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे वाचावं. आणि निसर्गातलं म्हणजे सुरक्षित, असं वाटत असेल तर लेड क्रोमेटची भेसळ केलेली हळदही बाजारात ‘हळद’ म्हणूनच विकली जाते.

आता दुसरी छावणी, ‘केमिकल म्हणजे कॅन्सर’वाली. २०२४ मध्ये कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागाने केकचे २३५ नमुने तपासले, त्यातले १२ असुरक्षित निघाले. फॅमिली ग्रुपवर बातमी पोचली ती ‘केक खाल्ल्याने कॅन्सर’ अशी. त्या बातम्यांमध्ये टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो फोर-आर ही नावं होती. हे चारही रंग भारतात परवानगी असलेल्या आठ कृत्रिम रंगांच्या यादीत आहेत. म्हणजे त्यांच्या बाबतीत प्रश्न ‘आहे की नाही’ हा नाही, ‘किती आहे’ हा आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत तमिळनाडूने कॉटन कँडीवर बंदी घातली, ती रोडामाइन-बीमुळे. ते प्रकरण पूर्ण वेगळं. रोडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग आहे. तो खाण्यात एक कणही नको. एका रंगाला मर्यादा आहे, दुसऱ्याला जागाच नाही. दोघांना एकाच ‘केमिकल’ पोत्यात कोंबलं, की लोक आधी दोघांना घाबरतात आणि महिन्याभरात दोघांनाही विसरतात.

पण यावर ‘आमचे कलर अप्रूव्हड आहेत, मग काय!’ म्हणणाऱ्या बेकर्सनी खूश व्हायचं कारण नाही. परवानगी रंगाला आहे, ओतण्याला नाही. आपल्याकडे बहुतेक पदार्थांत कृत्रिम रंगाची कमाल मर्यादा १०० पीपीएम आहे. म्हणजे एक किलो केकमध्ये १०० मिलिग्रॅम, ग्रॅमचा दहावा भाग. घरातला साधा वजनकाटा एक ग्रॅमपासून पुढे दाखवतो. म्हणजे कायद्याने जी रेष आखली आहे, ती आपल्या स्वयंपाकघरातल्या काट्याला दिसतच नाही. पावडर रंग चिमटीने घालणाऱ्याने ही रेष कधी ओलांडली, हे त्यालाही कळणार नाही. जेलमध्ये पाणी, साखर, ग्लिसरीन असं बरंच काही असतं, म्हणून तिथे हात जरा सुरक्षित राहतो. पण काळा किंवा लाल रंग ‘चढत नाही’ म्हणून अर्धी बाटली रिकामी केली, तर तिथेही भरवसा संपला.

ही रेष उगाच आखलेली नाही. युरोपात २०१० पासून टार्ट्राझिन, कार्मोइसिन यांच्यासह सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापावा लागतो. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये एरिथ्रोसिनची खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेतली. आपल्या आठांच्या यादीत तो आहे. यावरून घाबरून जायचं नाही. एवढंच समजून घ्यायचं, की कमी रंग घालणं हा कंजूषपणा नाही.

आणि कमी रंगात काम होतं. काळा हवा असेल तर पांढऱ्या क्रीमपासून सुरुवात कशाला? डार्क कोकोपासून करा, वाट निम्मी आधीच संपलेली असते. बटरक्रीम रंगवून काही तास झाकून ठेवा, रंग आपोआप गडद होतो. अर्धी बाटली संपते ती बहुतेक वेळा घाईमुळे. चॉकलेटमध्ये पाण्यावर आधारलेला जेल घातला तर त्याचा गोळा होतो. तिथे तेलात मिसळणाराच रंग लागतो. आणि सगळा केक काळा करण्यापेक्षा फक्त वरची नक्षी काळी केली तर कुणाचं काय बिघडतं?

चमकीबद्दल तर सरळ भांडायला हवं. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलंय म्हणजे ती खायची, असं नाही. मुलांच्या खडूंवरही ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असतं, म्हणून आपण त्यांची भाजी करत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या झाल्या. केकवरची सोनेरी भुकटी प्रत्यक्षात तांब्याची होती. डबीवर ‘एडिबल’ हा शब्द आणि घटकांची यादी नसेल, तर ती चमक केकवर नको. फोटोत कितीही छान दिसली तरी नको.

आता राहिली बाटली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. कुणीतरी कुठूनतरी उचललेली, नाव नसलेली, व्हर्जन नसलेली फाइल आमच्याकडे प्रॉडक्शनवर जाऊ देत नाहीत, आणि गेलीच तर बिघडतं ते फार तर एखादं ॲप. पण सुट्या पुडीतला, दुकानदाराने मोठ्या डब्यातून काढून दिलेला, स्केचपेनने ‘रेड’ लिहिलेला रंग आपण मुलांच्या केकमध्ये बिनदिक्कत जाऊ देतो. रंगाचं नाव, घटक, बॅच, तारीख आणि चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक नसेल तर तो रंग घेऊ नका. महिन्यातून दोन केक करणाऱ्याने मोठी स्वस्त बाटलीही घेऊ नये. ती संपायच्या आधी तिची तारीख संपते.

आणलेली बाटलीही नीट ठेवावी लागते. खिडकीतल्या कप्प्यात ओळीने लावलेल्या रंगीत बाटल्या रीलमध्ये छान दिसतात, पण ऊन रंग खातं. जांभळा केक शोकेसमध्ये निळसर-करडा पडतो तो याचमुळे, त्यातला लाल आधी उडतो. बंद, कोरडा, अंधारा कप्पा हीच रंगाची जागा. पावडर फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढली की दमट हवेत तिला पाणी सुटतं आणि गुठळ्या होतात. क्रीम लागलेली टूथपिक परत जेलमध्ये बुडवू नका. दर वेळी नवी घ्या, नाहीतर बाटलीत बुरशीची सोय होते. आणि बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. पेन आणि पाच सेकंद, एवढाच खर्च आहे.

‘घरून काम करणाऱ्या बायकांवर किती ओझं टाकाल?’ असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच हे ओझं मी आधी ऑर्डर देणाऱ्यावर टाकते. लेबलचा फोटो पाठवायला बेकरला एक पैसा लागत नाही. पण फिकट निळ्या केकला ‘डल आहे’ म्हणून एक स्टार दिला, की तिचा पुढचा महिना जातो. तिला गडद रंगाचे पैसे आपण देतो, प्रामाणिकपणाचे कापतो, आणि मग भेसळीच्या बातम्या फॉरवर्ड करतो.

पुढची ऑर्डर देताना फोटो पाठवा, पण खाली एक ओळ जोडा: ‘रंग फिका चालेल, फक्त बाटलीचं लेबल दाखवा.’