वाहत्या गंगेचा जमाखर्च

गंगेला माता म्हणणाऱ्या या देशात तिच्या पाण्याचा हिशेब मात्र सावकारी वहीप्रमाणे ठेवला जातो. जो पाणी उचलून नेतो, त्याचे नाव वहीत ठळक अक्षरांनी लिहिले जाते. पाणी वाहते राहण्यावरच ज्याचे पोट अवलंबून आहे, त्याचे नाव त्यात कोठेच आढळत नाही. शुद्धीकरणाच्या घोषणांच्या गदारोळात हा मूळ अन्याय झाकला जात आहे.

देवप्रयाग येथे भागीरथी व अलकनंदा यांचा संगम होतो, हरिद्वारला नदी मैदानात उतरते आणि तेथेच तिचे पाणी वळविले जाते. ब्रिटिश सरकारने १८५४ साली येथून वरचा गंगा कालवा सुरू केला. पुढे नरोरा येथून खालचा कालवा निघाला. दोआबातील गहू आणि ऊस या पाण्यावर उभे आहेत. ते कालवे बुजवावेत, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु त्या लाभाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न विचारावाच लागेल. उन्हाळ्यात रोडावलेल्या प्रवाहात कानपूरच्या कातडी कारखान्यांचे सांडपाणी मिसळते, तेव्हा खालच्या काठावरील माणसाच्या वाट्याला काय उरते?

समुद्रास मिळणारे पाणी वाया जाते, हे अर्थशास्त्र नव्हे. ती अर्धवट हिशेबनिसी आहे. कलकत्ता बंदर गाळाने भरू नये म्हणून १९७५ साली फराक्का बंधारा कार्यान्वित झाला व हुगळीत पाणी सोडण्यात आले. समुद्रातून प्रयागपर्यंत चढणाऱ्या हिलसा माशाची वाट मात्र अडली. बिहारमधील मच्छीमारांचे बुडालेले उत्पन्न प्रकल्पाच्या खर्चात कोणी धरले? गाळ आणि पूर यांचा अनुभव इतका कटू ठरला की, २०१६ च्या महापुरानंतर बिहारच्या मुख्यमंत्र्यांनीच फराक्का हटविण्याची मागणी केली.

या माणसांना नदीवर हक्क सांगण्यासाठी लढावे लागले, हा इतिहास कार्यकर्त्यांनी विसरू नये. जमीनदारी कायद्याने संपली, तरी भागलपूरच्या परिसरात सुलतानगंज ते पीरपैंती हा गंगेचा सुमारे ८० किलोमीटरचा पट्टा खासगी ‘पाणीदारां’च्या ताब्यात राहिला. वाहत्या पाण्यात जाळे टाकण्यासाठी मल्लाहांना त्यांना कर द्यावा लागे! १९८२ साली कहलगाव येथे गंगा मुक्ती आंदोलन उभे राहिले. जयप्रकाशांनी स्थापन केलेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीचे तरुण त्यात उतरले आणि सुमारे दशकभराच्या अहिंसक लढ्यानंतर ही पाणीदारी संपुष्टात आली. नदी ही मालमत्ता नव्हे, हे तत्त्व पोथीतून नव्हे, नावाड्यांच्या संघटनेतून सिद्ध झाले.

सरकारी योजनांचा प्रवास मात्र उलट्या दिशेने झाला. १९८६ साली गंगा कृती योजना आली. २०१५ साली ‘नमामि गंगे’साठी २०,००० कोटी रुपये मंजूर झाले. त्यातील मोठा भर सांडपाणी शुद्धीकरणावर. तो आवश्यक आहेच. परंतु नदीत पाणीच नसेल तर केवळ केंद्रे बांधून नदी होत नाही. अविरल प्रवाहासाठी उपोषण करणारे वृद्ध वैज्ञानिक गुरुदास अग्रवाल ११ ऑक्टोबर २०१८ रोजी मरण पावले. त्यांच्या मृत्यूच्या दोनच दिवस आधी सरकारने किमान प्रवाहाची अधिसूचना काढली. कोरड्या महिन्यांत हरिद्वारच्या भीमगोडा बंधाऱ्याखाली सेकंदाला ३६ घनमीटर, तर बिजनोर, नरोरा व कानपूर येथे २४ घनमीटर पाणी सोडावे, असे तीत म्हटले होते. ही अधिसूचना उन्नावपाशी येऊन थांबली. तेथून पुढे प्रयाग, काशी, पाटणा, भागलपूर आहेत. तेथील गंगा काय गंगा नव्हे?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. किमान प्रवाहाचे बंधन उगमापासून समुद्रापर्यंत असले पाहिजे. बंधारा वा धरण यांच्या लाभहानीच्या कोष्टकात मच्छीमाराचे, नावाड्याचे आणि दियाऱ्यातील शेतकऱ्याचे नुकसान रुपयांत मांडले पाहिजे. आणि नदीविषयीचे निर्णय जेथे होतात, तेथे त्यांचे प्रतिनिधी बसले पाहिजेत. आरतीचे तबक फिरविणाऱ्यांची गंगेला उणीव नाही. उणीव आहे ती तिच्या काठावरील कष्टकऱ्यांचा हिशेब मागणाऱ्यांची.