विश्लेषण : १८ वर्षांत ३६ जगज्जेतेपदे... मोटरसायकल ट्रायलमध्ये टोनी बोऊच का जिंकतो? कर्जत-खालापूरच्या कातळावर असा खेळाडू का घडत नाही?

पावसाळा सरला की मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातून दुचाकीस्वारांचे गट कर्जत-खालापूरकडे निघतात. ओढ्याचे आटलेले पात्र, त्यातले धोंडे किंवा कातळाचा चढ दिसला की गाडी त्यावर घालून पाहण्याचा आणि त्याचा रील करण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. डोक्याएवढ्या उंचीच्या दगडावर मोटरसायकल उडवत नेणाऱ्या स्पेनच्या टोनी बोऊचे व्हिडीओ या मंडळींच्या मोबाइलवर हमखास सापडतात. त्यात दिसते ते धाडस. बोऊ जिंकतो त्याची कारणे मात्र वेगळी आहेत. ती समजून घेतली, तर रायगडच्या या दोन तालुक्यांत काय आहे आणि काय नाही, हेही स्पष्ट होते.

ट्रायल म्हणजे नेमके काय?

ट्रायल ही शर्यत नाही. इथे कोण आधी पोहोचला, याला महत्त्व नसते. खडक, ओढे, चिखल, ओंडके यांतून फिती लावून छोटे-छोटे टप्पे आखलेले असतात. त्यांना सेक्शन म्हणतात. पाय जमिनीला न टेकवता, ठरलेल्या वेळेत सेक्शन पार करायचा. एकदा पाय टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन. पडला, फीत ओलांडली किंवा वेळ संपली तर थेट पाच. ज्याचे दंडगुण सर्वात कमी, तो विजेता. सेक्शनमध्ये शिरण्याआधी स्वार तो पायी फिरून पाहतो. कोणता दगड हलतो, कुठे शेवाळ आहे, चाक कुठे टेकवायचे, हे तेव्हाच ठरते. गाडीला बसायला आसन जवळपास नसतेच, कारण सारा खेळ उभ्यानेच चालतो.

बोऊचे वर्चस्व किती मोठे?

बोऊचा जन्म १७ ऑक्टोबर १९८६ चा, बार्सिलोनाजवळच्या पिएरा गावचा. मोकळ्या मैदानातील जागतिक अजिंक्यपद आणि स्टेडियममध्ये कृत्रिम अडथळ्यांवर होणारे एक्स-ट्रायल, अशा दोन स्वतंत्र जागतिक स्पर्धा असतात. २००७ ते २०२४ या १८ हंगामांत बोऊने दोन्हीकडचा एकही किताब सोडला नाही. १८ अधिक १८, म्हणजे ३६. या काळात प्रतिस्पर्ध्यांची पिढी बदलली. नियमही बदलले. २०१३ मध्ये मैदानी स्पर्धेत गाडी थांबवण्यावर बंदी आली. जागच्या जागी थांबून, उड्या मारत तोल साधणाऱ्या स्वारांना त्याचा फटका बसेल, असे मानले गेले. पण त्या वर्षीही बोऊच जिंकला. २०२१ चा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर त्याच्या पायाचे हाड मोडले. तरी वर्षाअखेर दोन्ही किताब त्याच्याकडेच होते.

एकटाच जिंकत राहणे हा या खेळाचा स्वभाव आहे का?

बऱ्याच अंशी, होय. १९८७ ते २०२४ या ३८ मैदानी हंगामांचा हिशेब पाहा. त्यातले ७ किताब स्पेनच्या जॉर्डी तारेसचे, ७ ब्रिटनच्या डगी लॅम्पकिनचे आणि १८ बोऊचे. ३८ पैकी ३२ हंगाम तिघांनी वाटून घेतले. महिलांमध्येही स्पेनच्या लाइया सांझने १३ जगज्जेतेपदे मिळवली. तिच्यानंतर ब्रिटनच्या एम्मा ब्रिस्टोची सद्दी सुरू झाली.

याचे मोठे कारण गुणपद्धतीत आहे. टी-ट्वेंटी सामन्यात एक षटक फिरले की निकाल फिरतो. ट्रायलमध्ये तसे होत नाही. एका दिवसात डझनभर किंवा अधिक सेक्शन असतात आणि ते दोन-तीन वेळा पार करावे लागतात. म्हणजे दिवसभरात पंचवीस-तीस छोट्या परीक्षा. समजा, एक स्वार प्रत्येक सेक्शनमध्ये सरासरी अर्धा गुण गमावतो आणि दुसरा एक गुण. एका सेक्शनपुरता हा फरक डोळ्यांना दिसणारही नाही. पण ३० सेक्शननंतर आकडे होतात १५ आणि ३०. एखादा दगड सरकला, एखादी उडी चुकली, तरी एवढे अंतर नशिबाने भरून निघत नाही. त्यात हंगामभर अनेक फेऱ्या. त्यामुळे थोडासा सरस असलेला खेळाडू वर्षाअखेर खूप पुढे गेलेला दिसतो.

दुसरे कारण फारसे बोलले जात नाही. या खेळात पूर्णवेळ पगारी खेळाडू मोजकेच असतात. कंपनीचा संघ, मेकॅनिक आणि सरावाची जागा हाताशी असलेला स्वार इतरांपेक्षा आधीच दोन पावले पुढे असतो.

भिंत चढते ती इंजिनच्या जोरावर?

साधा हिशेब करू. ट्रायलची गाडी साधारण ७० ते ७५ किलोची आणि स्वारही तेवढ्याच वजनाचा. हे दीडशे किलो दीड मीटर उचलायला सुमारे २,२०० ज्यूल ऊर्जा लागते. ती अर्ध्या सेकंदात द्यायची म्हटले तर लागतात साधारण सहा अश्वशक्ती. रोज कर्जत स्टेशनच्या पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या १०० सीसीच्या गाडीतही आठेक अश्वशक्ती असतात. म्हणजे ताकद कमी पडत नाही. ती नेमक्या क्षणी चाकापर्यंत पोहोचवणे आणि चाकाने दगड धरणे, हे अवघड.

त्यासाठी स्वार क्लच दाबून इंजिन फिरवतो. फ्लायव्हीलमध्ये ऊर्जा साठते. त्याच वेळी तो अंगाचा भार खाली दाबून सस्पेन्शन आवळतो. मग क्लच सोडणे, सस्पेन्शन उसळणे आणि अंग वर झेपावणे हे तिन्ही एकाच क्षणी घडावे लागते. क्लच आधी सुटला तर चाक घसरते, उशीर झाला तर गाडी भिंतीवर आदळते. मागच्या टायरमध्ये हवा असते ती चार-पाच पीएसआय. रस्त्यावरच्या गाडीत ती तीसच्या आसपास असते. मऊ टायर दगडाला लपेटतो आणि पकड वाढते. स्वार आणि गाडी यांचे वजन जवळपास सारखे असल्याने स्वाराने कंबर मागे नेली तरी सगळ्या जोडीचा तोल बदलतो. दोनशे किलोच्या अ‍ॅडव्हेंचर बाइकवर हे शक्य नसते. तिथे स्वार तोल बदलत नाही, गाडी स्वाराला बदलते. रील पाहून धोंड्यावर गाडी घालणाऱ्यांची गफलत होते ती इथेच.

मग बोऊ वेगळा कशामुळे?

त्याची सुरुवात ट्रायल सायकलवर झाली. सायकलला इंजिन नसते, त्यामुळे उडीतली सगळी चूक स्वाराची. तोल आणि वेळ साधण्याचे शिक्षण तिथे मिळते. सायकलवरच्या उड्या मोटरसायकलवर आणून तारेसने हा खेळ बदलला होता. बोऊने ते तंत्र स्टेडियममधल्या उंच अडथळ्यांपर्यंत नेले. एक्स-ट्रायलमध्ये कमावलेली उंच झेप मैदानात कामी आली. मैदानातल्या ओल्या, सरकत्या दगडांवर आलेली सावधगिरी स्टेडियममध्ये उपयोगी पडली.

तिसरी गोष्ट सातत्याची. २००७ पासून तो होंडाच्या माँटेसा गाडीवर, त्याच छत्राखाली खेळतो आहे. बहुतेक प्रतिस्पर्धी हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांवर होते, तेव्हा त्याने फोर-स्ट्रोक निवडली आणि ती वर्षानुवर्षे आपल्या हाताला बसवून घेतली. २००४ चा जगज्जेता, जपानचा ताकाहिसा फुजिनामी आधी याच संघातला सहकारी होता. निवृत्तीनंतर तोच संघाचा व्यवस्थापक झाला. ज्ञान संघाबाहेर गेले नाही.

भोवतालचा वाटा किती?

माँटेसा कंपनी १९४५ मध्ये बार्सिलोनात स्थापन झाली. बुल्टाको आणि ओसा या ट्रायल गाड्या बनवणाऱ्या कंपन्याही तिथल्याच. म्हणजे गाड्या बनवणारे, दुरुस्त करणारे, शिकवणारे आणि हरवणारे सगळे तासाभराच्या अंतरावर. ब्रिटनमध्ये हेच काम घराण्यांनी केले. १९७५ मध्ये झालेल्या पहिल्या जागतिक अजिंक्यपदाचा विजेता मार्टिन लॅम्पकिन हा डगीचा बाप. गुणवत्ता एकट्याची असते, पण तिला रोज घासणारा दगड शेजारीच असावा लागतो.

कर्जत-खालापूरमध्ये काय आहे, काय नाही?

दगड भरपूर आहे. उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत सह्याद्रीच्या काळ्या कातळाचे चढ, धोंडे, ओहोळ यांची कमी नाही. पण हा सगळा भाग मोकळे मैदान नव्हे. बरीच जमीन वन विभागाची आहे. माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची २००३ ची अधिसूचना दोन्ही तालुक्यांतील काही भागाला लागू आहे. पावसाळ्यात धबधबे आणि धरणांवर प्रशासनाचे बंदी आदेश निघतात. ओढ्याचे पात्र आदिवासी वाड्यांच्या पाण्याची आणि गुरांची वाट असते. तिथे सायलेन्सर काढून गाड्या घातल्या तर गावकऱ्यांचा विरोध होणारच आणि तो रास्तही आहे.

वयाचा प्रश्न याहून मोठा. या खेळाचा पाया लहानपणी घातला जातो. आपल्याकडे १८ वर्षांखालील मुलाने रस्त्यावर गिअरची गाडी चालवली, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा योग्यच आहे. पण बंदिस्त, देखरेखीखालचे सराव मैदान नसेल, तर मुलांपुढे दोनच पर्याय उरतात : रस्ता किंवा रील.

सुरुवात कुठून होऊ शकते?

भारतात मोटरस्पोर्टला दिवस वाईट नाहीत. केरळच्या हरिथ नोआने २०२४ च्या डकार रॅलीत रॅली-टू गट जिंकला. त्याच जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मात्र ट्रायल आपल्याकडे रुजलेला नाही. सुपरक्रॉसला मोठा ट्रॅक आणि पैसा लागतो. ट्रायलला क्रिकेटच्या मैदानापेक्षा कमी जागा पुरते, वेग कमी असल्याने जीवाची जोखीमही तुलनेने कमी. बंद पडलेली खासगी दगडखाण, चार ओंडके, सिमेंटचे पाइप आणि सायकली एवढ्यावर पहिली पाच वर्षे निघू शकतात. आधी सायकल, मग मोटरसायकल, हाच क्रम तारेस आणि बोऊच्या गावांनी पाळला.

खालापूरच्या एखाद्या वाडीतला मुलगा उद्या जगज्जेता होईल, असे कुणी सांगू नये. पण दगडावर तोल कसा सांभाळायचा, हे त्याला आधीच येते. पाय न टेकवता तोच दगड शंभर वेळा पार करायला शिकवणारे कुणी आणि त्यासाठी सुरक्षित जागा, या दोनच गोष्टी त्याच्याकडे नाहीत.