वाया जाणारं पाणी

परवा यलोस्टोनच्या सहलीचे जुने फोटो चाळत होतो. रॉक स्प्रिंग्जहून उत्तरेला जाताना वायोमिंगमधलं पाइनडेल गाव लागतं, तिथला एक सापडला. ग्रीन नदीचं खोरं, उंची 7,000 फुटांच्या वर. मैलोन् मैल सेजब्रशची करडी झुडपं, आणि नदीकाठी घोटाभर पाण्यात उभं असलेलं हिरवंगार कुरण. "किती पाणी वाया घालवतात!" असं मी तेव्हा गाडीत म्हणालो होतो. ते वाक्य आज परत घेतो.

बर्फ वितळून नदी फुगली की इथले रँचवाले पाटाने कुरणं भिजवतात. त्या गवतावर गायी लांबलचक हिवाळा काढतात. गवताला लागून उरलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि झिरपत झिरपत पुन्हा नदीला मिळतं, तेही उन्हाळा सरताना, नदी रोडावलेली असते तेव्हा. मधल्या काळात पाणथळीवर पक्षी जगतात. (आमच्याकडेही पाट सुटला की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी चढायचं. हे ठाऊक असून मी तसं बोललो!)

ग्रीन ही कोलोराडोची मोठी उपनदी. कोलोराडो आटत चालली आहे आणि खाली कोट्यवधी माणसं तिच्यावर अवलंबून. म्हणून 2015 पासून काही वर्षं आणि पुन्हा 2023 मध्ये इथल्या शेतकऱ्यांना पैसे देऊन पाणी न घेण्याची योजना राबवली गेली. पैसे घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण हिशोब होतो तो गवताने न प्यायलेल्या पाण्याचा. ऑगस्टमधल्या त्या झऱ्यांना त्यात रकाना नाही.

आणि गंमत बघा, त्याच खोऱ्यात जोना आणि पाइनडेल अँटिक्लाइन ही प्रचंड गॅसक्षेत्रं आहेत. 1916 च्या कायद्याने वाटलेल्या जमिनींत वरचं गवत मालकाचं, खालची खनिजं केंद्र सरकारची. त्यामुळे आपल्याच कुरणात विहीर खोदायला कुणी आलं तर रँचवाल्याला ती थांबवता येत नाही. 2011 च्या हिवाळ्यात गॅसक्षेत्रातून निसटलेले वायू आणि बर्फावरून परतणारं ऊन यांतून इतका ओझोन साठला, की या आडगावच्या हवेची तुलना लॉस एंजेलिसशी झाली. तो गॅस नळातून एकदा गेला की गेला, झिरपून परत येत नाही. त्याला मात्र कुणी 'वाया' म्हणत नाही.

रँचवाले काही संत नाहीत. पण पाणी सोडायला सांगण्याआधी निदान एका कुरणाखालचा झरा वर्षभर मोजा, मग दर ठरवा.

असो. फोटोखाली तेव्हा 'उधळपट्टी' असं लिहिलं होतं. ते खोडलंय, नवीन काही सुचलेलं नाही.