आरशातले चौरस फूट

भिंती पांढऱ्या रंगवा, खिडकीसमोर आरसा लावा, पलंगाखाली खण करून घ्या. घर मोठे वाटेल. वर्षानुवर्षे छापला जाणारा हा सल्ला निरुपद्रवी मानण्याचा प्रघात आहे. भाषेच्या अभ्यासकांनी तरी त्यातील 'वाटेल' या क्रियापदाकडे संशयाने पाहायला हवे. घर इतके लहान का आणि त्यातली जागा कोणाच्या वाट्याला येते, हे प्रश्न ते अलगद बाजूला सारते. उरतो तो राहणाऱ्याचा दृष्टिदोष.

मुंबईपुरते बोलायचे तर गरिबाच्या घराचे माप बहुधा दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेले असते. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे चाळी उभारल्या. तेथे कुटुंबाला खोली मिळाली १६० चौरस फुटांची. वरळीतील पहिल्या भाडेकरूंच्या हाती ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या पडल्या त्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे सुमारे शंभर वर्षांनी. झोपडपट्टी पुनर्वसनातील घराचे मापही २२५ वरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांवर सरकले. यातला एकही फूट आरशाने वाढवलेला नाही.

लहान घरात युक्त्या लागतातच, हा आक्षेप मान्य आहे. माळा, वळकटी, भिंतीतली फळी हे सारे चाळकऱ्यांना कोणी शिकवावे लागले नाही. रात्री पुरुष गॅलरीत पथारी टाकत आणि खोली मोकळी होई. पण ही मोकळीक सर्वांना सारखी नव्हती. बाहेर पडण्याची मुभा पुरुषांना होती. मोरी आणि चूल यांच्यामधली जागा बाईची.

आपल्या साहित्यव्यवहारानेही असाच एक आरसा भिंतीवर टांगला आहे. 'घर लहान, पण मने मोठी' हे चाळजीवनावरचे आपले लाडके भाष्य त्याच 'वाटेल'चे भावंड होय. राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) या चित्रपटात नवविवाहितांना भरल्या घरात एकांत मिळत नाही, आणि आपण मनमुराद हसतो. हसावे जरूर, पण त्या हसण्यात सुनेची घुसमट किती गोड होऊन जाते, हेही पाहावे.

व्हर्जिनिया वुल्फचे स्वतःच्या खोलीविषयीचे पुस्तक (१९२९) आपण आवडीने शिकवतो. लिहिणाऱ्या स्त्रीला पैसा आणि कुलूप लावता येईल अशी खोली हवी, इतके रोखठोक तिचे म्हणणे. आपण त्या खोलीचा 'अवकाश' केला. स्त्रीचा अवकाश, सर्जनाचा अवकाश, अभिव्यक्तीचा अवकाश! हा शब्द कितीही ताणता येतो, कारण तो फुटपट्टीने मोजावा लागत नाही. दहा बाय सोळाच्या खोलीत, दूरचित्रवाणी आणि आजारी आजी यांच्यामध्ये बसून जी मुलगी या अवकाशावर निबंध लिहिते, तिला त्यातली इंचभर जागाही मिळत नाही.

तिला रूपक नको आहे. एक टेबल, एक दिवा आणि दोन तासांची शांतता हवी आहे. ती देणे महाविद्यालयांच्या हातात आहे. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघड्या ठेवाव्यात आणि मुलींना तेथून सुखरूप घरी जाता येईल अशी व्यवस्था करावी. हे होत नाही तोवर 'अवकाश' हा शब्द आपण जरा जपून वापरलेला बरा.